पोहणारा बुडतो कसा

या आठवणी लिहायला घेतल्या त्याला दोन वर्षं होऊन गेली. शाळेचं लिहून झालं, वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, तापटपणाचं लिहून झालं, धरणाखाली गेलेल्या आमच्या जुन्या गावाचं तर नको इतकं लिहून झालं. हे प्रकरण मात्र दर वेळी पुढं ढकललं. कधी डोळे दुखतात म्हणून, कधी वही संपली म्हणून. बायको होती तेव्हा तिलाही सांगितलं नाही. तीस वर्षं प्राथमिक शाळेत पोरांना 'खरं बोलावं' शिकवलं आणि फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो. आता लिहितो आहे, कारण आता न लिहिलं तर गावात एक दगड उभा राहणार आहे आणि त्या दगडावरचं खोटं माझं आहे. हे वाचून ज्यांना राग येईल त्यांनी खुशाल माझ्या दारात यावं. मी घरीच असतो.

ज्या जहाजाबद्दल लिहितो आहे त्याचं नाव मी घालणार नाही. शेजारच्या देशाशी झालेल्या त्या युद्धात शत्रूच्या पाणबुडीनं ते बुडवलं. त्याच्याबरोबर गेलेल्यांची घरं ठिकठिकाणी आहेत. त्यांच्या दुःखात माझी घाण मिसळायला नको. माझं सांगणं एका घराचं आहे, आणि दुसऱ्या एका घराचं, जे आम्ही मोडलं.

आमची वाडी मुळशी धरणाच्या अगदी काठावर. अंगणातून दगड टाकला तर पाण्यात पडे. पाणी चढलं की लाटांचा चपचप आवाज चुलीपर्यंत यायचा, आणि आई भाकरी थापताना म्हणायची, "आलं बघा म्हातारं, जेवायला." तिच्या सासरची सगळी भाताची खाचरं त्या पाण्याखाली होती. म्हणून ती पाण्याशी घरच्या हट्टी म्हाताऱ्यासारखी बोलायची. माझा थोरला भाऊ शिवराम, शिवादादा, त्याच पाण्यात वाढला. चालायच्या आधी पोहला असं लोक म्हणायचे. समोरच्या काठावरची करवंदं आणायला तो होडीनं जात नसे. टोपी डोक्यावर बांधून जायचा, त्याच टोपीत करवंदं भरून पोहत यायचा, आणि टोपी कोरडी असायची. पंचक्रोशीत त्याची ओळख तेवढीच होती, पण ती पक्की होती: पोहणारा शिवा.

याकूब मणेर त्याचा दोस्त. मणेरांचं पौडच्या बाजारात बांगड्यांचं दुकान. बाजार नसला की याकूबचे वडील टोपली डोक्यावर घेऊन वाड्या-वाड्या फिरायचे. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. आमच्या ओट्यावर ते टोपली उतरवायचे, आई हात पुढं करायची, आणि चाचा तिची बोटं दाबून दाबून काकणं चढवता चढवता सगळ्या तालुक्याच्या बातम्या सांगायचे. याकूब मागं बसून पेज प्यायचा. पाण्याला तो भ्यायचा. दादानं कितीदा ओढला त्याला, पण गुडघ्याच्या वर पाणी आलं की हा किंचाळायचा. भिकूकाका होडीवाले त्याला चिडवायचे, "काकनं बुडत्यात म्हून मनेरबी बुडतो रं!"

आणि हेच दोघं बरोबरीनं नौदलात गेले. भरती निघाली, दादा निघाला, आणि तो निघाला म्हणून याकूब निघाला. तिथं त्यालाही पोहायला शिकवलंच असणार, कसाबसा पासही झाला असणार. पण वाडीच्या लेखी तो पाण्याला भिणारा मणेराचा पोरगाच राहिला. पहिल्या सुट्टीला दादानं रेडिओ आणला. आबा त्याचे सेल संपत आले की उन्हात वाळवायचे, मिरच्यांच्या शेजारी. युद्ध सुरू झालं तेव्हा ते सेल दिवसभर उन्हात असायचे आणि आबा त्यांच्याजवळ बसून राखण करायचे.

त्या रेडिओवरच एक जहाज गेल्याचं ऐकलं. दोघं एकाच जहाजावर होते हे आम्हाला माहीत होतं. ते हेच का, हे कळायला तार यावी लागली. दादा बेपत्ता, याकूब इस्पितळात. आबांना समजेना. ते भिकूकाकांना विचारत होते, "पान्याखालनं व्हडी चालती म्हंत्यात. आतल्या मानसांचा दम कसा निघतो?" भिकूकाका म्हणाले, "दम निघंना तर काय, पर पानी म्हंजी पानी. शिवा पवत येतोय बघ कुटंतरी." आई रोज एक भाकरी जास्त टाकायची. युद्ध संपलं. मग पत्र आलं की तो मरण पावला असं धरावं. ती जादाची भाकरी त्या दिवशी बंद झाली.

देह नाही, म्हणून दर्भाचा पुतळा करून काठावर अग्नी दिला. त्याच्या नवव्या दिवशी दुपारी याकूब आला. इस्पितळातून सुटून तडक आमच्याकडे, स्वतःच्या घरी टोपी टेकवायलासुद्धा थांबला नव्हता. दोन्ही हातांची कातडी पांढरट-लाल झाली होती. समुद्रावर तेल पसरलं आणि ते पेटलं म्हणे. आईनं त्याला ताट वाढलं. सुतकात फोडणी नसते. तिनं भातावर नुसतं पिवळं वरण ओतलं आणि म्हणाली, "पोरा, फोडनी न्हाई रं घातली." जेवायला घालणाऱ्याच्या आवाजात अपराधीपणा असावा तशी. याकूबनं मान खाली घातली आणि ताट चाटूनपुसून खाल्लं.

जेवण झाल्यावर तो मला काठावर घेऊन गेला. काडीनं चिखलात जहाज काढलं. मी तेव्हा मॅट्रिकला होतो, मिसरूड फुटलेलं, स्वतःला शहाणा समजणारा. ते चित्र आजही जसंच्या तसं काढून दाखवू शकतो.

"आमी पानबुडी हुडकायला गेल्तो," तो म्हणाला. "तिनंच आमाला आदी बगितलं."

"मग?"

"हादरा बसला. दिवं गेलं. दुसरा बसला तवा जहाज असं कललं, का उबं ऱ्हाताच येईना. मी वर तोफंपाशी व्हतो. शिवा खाली इंजनाकडं. तीन शिड्या खाली." काडी त्यानं तिथंच खुपसली. "वरचं मानूस पान्यात पडलं. खालचं तितंच ऱ्हायलं. दोन-तीन मिंटांचा खेळ, नामा. मी त्याला पान्यात बगितलाच न्हाई. आवाजबी न्हाई ऐकला."

"आन् तू?"

"मला पान्याची भीती म्हून मी जाकीट अंगावरनं काढतच न्हवतो. झोपताना बी न्हाई. पोरं हसायची. शिवाबी हसायचा. त्या जाकिटानं तारलं."

मग म्हणाला, "आईला तू सांग. मला तिच्याम्होरं तोंड उघडवत न्हाई."

मी म्हणालो, "सांगतो."

सांगितलं नाही. आई भांडी घासत होती तेव्हा तिच्यामागं जाऊन उभा राहिलो आणि परत आलो. कारण मला ते पटलं नव्हतं असं नाही. पटलं होतं. पण ते मला सहन होत नव्हतं. आख्ख्या धरणाला आडवा जाणारा माझा भाऊ, त्याला शेवटी एक हात मारायलासुद्धा पाणी मिळालं नाही. लोखंडाच्या खोलीत, अंधारात, उंदरासारखा गेला. आणि पाण्याला भिणारा हा भाजके हात घेऊन माझ्यासमोर बसून भात खाऊन गेला. मला त्या हातांचा राग येत होता. हे लिहायला लाज वाटते, पण हेच खरं आहे आणि त्यात शेंदूर फासण्यासारखं काही नाही.

दुसऱ्या दिवशी दहावा. काठावर पिंड मांडला. सगळी वाडी जमली होती, पौडाहूनही माणसं आली होती. याकूब डोक्याला रुमाल बांधून जरा बाजूला उभा होता. कावळे उंबरावर होते, पण खाली येईनात. आबांनी हात जोडून सांगितलं, "नामाचं शिक्षान पुरं करीन." कावळा हलला नाही. मामा म्हणाले, "आईला अंतर देनार न्हाई." नाही. ऊन चढत चाललं. बायका रडायच्या थांबल्या आणि कुजबुजायला लागल्या. इच्छा राहिली, काहीतरी राहिलं, आत्मा अडकला. माणसं पिंडाभोवती आणखी जवळ सरकली.

तेवढ्यात भिकूकाका बोलले. या पाण्यातून कैक मुडदे त्यांनी काढले होते. बुडण्याच्या बाबतीत त्यांचा शब्द म्हणजे तालुक्याचा निकाल.

"पवनाऱ्याला पानी मारत न्हाई," ते म्हणाले. "मानूस मारतो. पवनारा बुडाला म्हंजी त्याच्या मानंवर कुनीतरी बसल्यालं असतंय. म्या दर टायमाला बगितलंय."

धरणाच्या बाबतीत ते खरं होतं. आमच्याकडं बुडणारा माणूस वाचवायला आलेल्याच्या गळ्याला मिठी मारतो आणि दोघं जातात, कधी एकटा वाचवणाराच जातो. आम्ही लहानपणापासून तेवढंच बुडणं पाहिलेलं. जहाज बुडणं म्हणजे काय, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. सगळ्यांच्या नजरा याकूबकडे गेल्या. आबांनी मला विचारलं, "नामा, काल तुमी दोगं काठावर बसला व्हता. ह्यानं काय सांगितलं तुला? ह्यानं शिवाची मान धरली व्हती का?"

मी म्हणालो, "व्हय."

एवढंच. कुणी शपथ घातली नव्हती, कुणी धमकावलं नव्हतं. याकूबनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता ओरडेल. तो एकदा आईकडं वळला. आई तोंडाला पदर लावून त्याच्याकडं बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर रागापेक्षा दुसरंच काही होतं. तिचा पोरगा कुणालातरी वाचवताना गेला होता. कित्येक दिवसांत पहिल्यांदा तिला काहीतरी मिळालं होतं. याकूबनं ते बघितलं. मग तो पाठ फिरवून रस्त्याकडे चालायला लागला.

आणि कावळा उतरला.

त्या क्षणी काठावर जो आवाज झाला तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. सुटकेचा होता, आणि निकालाचाही. "बगा, त्यो गेला आन् शिवला!" स्वतःच बोललेलं खोटं क्षणभर मलासुद्धा खरं वाटलं. आज मला विचाराल तर सांगतो काय झालं होतं. याकूबला बघायला आम्ही सगळे रस्त्याकडं सरकलो, पिंडापासून दहा-वीस पावलं लांब झालो. कावळ्याला तेवढंच हवं होतं. इतका वेळ आम्हीच त्याला येऊ देत नव्हतो. कावळ्याला माणसाची भीती वाटते. त्याला नौदलातलं काही कळत नाही.

पुढच्या आठवड्यात चाचा टोपली घेऊन आले. वाडीत एक दार उघडलं नाही. ते आमच्या ओट्याशी आले, तेव्हा आईच बाहेर येऊन म्हणाली, "चाचा, हितं आता काकनं भरनारं कोन न्हाई." चाचांनी टोपली उतरवली नव्हतीच. ते म्हणाले, "वैनी, पोराला मी इचारलं. त्यो म्हंतो, मला नगं, नामाला इचारा." आणि त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी अंगणात पेंढा रचत होतो. हातातली पेंढी टाकली आणि घरात गेलो. पाठीमागं काकणांचा बारीक आवाज लांब लांब जात राहिला. काठावरचं ते 'व्हय' मी पोरवयावर ढकलू शकतो. हे नाही. तेव्हा मला पूर्ण शुद्ध होती.

मुळशीतल्या गावांनी चाचांकडून काकणं घेणं सोडलं, आणि मग पौडातल्याही बऱ्याच घरांनी. दुकान बंद झालं. ते भूगावला गेले, तेव्हा तिथं शेतंच होती. याकूब नौदलात आपली वर्षं पुरी करून भूगावलाच येऊन राहिला. आई त्या एका गोष्टीवर पुढची कितीतरी वर्षं जगली. पाहुणा आला की पाणी देता देता सांगायची, "माजा शिवा दुसऱ्याला वाचवून गेला." मी जवळ असलो तर उठून जायचो. तिच्यासाठी गप्प होतो, असं मी स्वतःला सांगत आलो. पण ती जाऊनही आता पुष्कळ काळ झाला. तिच्यामागं मी कुणासाठी गप्प होतो?

आता दगडाचं. यंदा गावानं ठरवलं की शिवरामच्या नावानं कमान उभारायची आणि तिच्याखाली दगड लावायचा. पुढाकार माझ्या चुलत पुतण्याचा, प्रकाशचा. तो भूगावकडे प्लॉटचे व्यवहार करतो, माणूस वाईट नाही. बैठकीत त्यानं मजकूर वाचून दाखवला: बुडत्या सहकाऱ्याचे प्राण वाचवताना वीरमरण. टाळ्या झाल्या. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उभा राहिलो आणि जे वर लिहिलं आहे ते सगळं बोललो, उभ्या उभ्या, पाणी न पिता.

मग प्रकाश हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "काका, तुमचं वय झालंय. दगड कोरून झालाय."

"मग उलटा करून पायरीला लाव."

"आवो, गावाची काय इज्जत ऱ्हाईल? आन् आता हे कुनाला कळनार हाय? तो मानूसबी गेला, त्याचा बाप गेला."

"मी हाय ना."

"शिवाकाकांचा मान कमी होईल त्यानं."

तिथं मात्र माझा तोल गेला. म्हणालो, "प्रकाश, तुझा चुलता तीन शिड्या खाली इंजिन चालवत होता. वर काय चाललंय ते त्याला दिसत नव्हतं. तरी तो जागेवर होता. पाणबुडी कुठं आहे ते ठाऊक नसताना तिच्या अंगावर चालून गेलेलं जहाज त्यानं चालतं ठेवलं. याच्याहून मोठं काय कोरायचं आहे तुला? माझ्या भावाला खोट्याची गरज नाही. ती मला होती. लिहा: 'कामावर असताना गेला.' आणि खाली लिहा की त्याचा दोस्त याकूब मणेर त्याच जहाजावर होता. नाहीतर उद्घाटनाच्या दिवशी मी तिथं खुर्ची टाकून बसेन आणि येईल त्याला सांगेन."

एक म्हातारा मागून म्हणाला, "पर कावळा शिवला व्हता की, गुर्जी. आमी डोळ्यांनी बगितलंय." मी म्हणालो, "मीही बघितलंय. तू किती पावलं मागं सरला होतास ते आठव." बैठक मोडली. दगड अजून प्रकाशच्या गोठ्यात गोणपाटाखाली आहे. त्यानं माझ्याशी बोलणं सोडलंय. सोडू दे. मी रोज सकाळी गोठ्यापर्यंत फिरायला जातो आणि गोणपाट उचलून बघतो.

त्यानंतर भूगावला गेलो. याकूब दोन वर्षांपूर्वी गेल्याचं कळलं होतं. त्याची मुलगी रेश्मा तिथल्याच एका इमारतीत राहते, ऑफिसात नोकरी करते. तिनं आत घेतलं, पाणी दिलं, आणि लॅपटॉप मिटून समोर बसली. मी सगळं सांगितलं. ती रडली नाही की मला धीरही दिला नाही. तिनं तो द्यावा असं मला वाटतही नव्हतं.

"काका, अब्बा कधी पौडला उतरायचे नाहीत," ती म्हणाली. "तिकडचं काही काम असलं तर मी रजा टाकून जायचे. आम्हाला कारण माहीत नव्हतं. हे तुम्ही त्यांना कधी बोललात?"

"नाही."

"म्हणजे भेटलाच नाहीत?"

"भेटलो होतो," मी म्हणालो. "एकदा." पण ते तिला सांगता आलं नाही. ते इथं लिहितो.

मी निवृत्त व्हायच्या आसपासची गोष्ट. पौडच्या स्टँडवर दुपारी गाडीची वाट बघत होतो. तहसील कचेरीकडून एक दाढीवाला माणूस आला, बगलेत कागदांची पिशवी. सहीसाठी त्यालाच यावं लागलं असेल. हातांवरून ओळखला. त्यानंही मला ओळखलं, आणि टाळलं नाही. बाकावर माझ्याशेजारी येऊन बसला.

"आई कशी हाय?" त्यानं विचारलं.

"गेली."

"बरी गेली का?"

"बरी गेली. शेवटपर्यंत दादाचंच बोलत होती."

त्यानं मान हलवली. कागदांची पिशवी बगलेतून मांडीवर घेतली. मग शांतपणे, जणू वाणसामान सांगावं तसा, म्हणाला, "त्या दिशी मी आईसाटी गप ऱ्हायलो, नामा. तेवढा एक दिस माजा. त्याच्याफुडची समदी वर्सं तुजी हाईत. माझा बाप त्या वर्सांत गेला. ती वर्सं तू बग."

मला सगळं बोलायचं होतं. कित्येक वर्षं मनात घोकलेली वाक्यं होती, क्रमानं लावलेली. मी त्याच्याकडे वळलो, तोंड उघडलं. त्यानं वाट पाहिली. खरंच पाहिली, कागदांची पिशवी मांडीवर ठेवून, माझ्या तोंडाकडं बघत तो थांबला. तेवढ्यात पुण्याची गाडी लागली आणि माणसं उठून धावली. तरी तो बसून राहिला. कंडक्टरनं दोनदा हाक दिली, तेव्हा उठला.

तो दारात चढला आणि परत एकदा मागं वळला.

मी म्हणालो, "सावकाश जा."